शर्यत गावातून जाते

बासानो, १२ मार्च २००६

आई,

दारिन्काचं चित्र पोचलं. पाकिटावरचा पत्ता तुमच्या अक्षरात होता, आत मात्र तुमची एक ओळ नव्हती. एखादी चिठ्ठी कडेला चिकटून राहिली असेल म्हणून मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. असो, पत्ता तरी घातलात. या घरात आम्ही सायकल-संघातल्या सातजणी राहतो आणि टपाल नेहमी भलतीच्याच खोलीत जातं, पण तुम्ही लिहिलेलं पाकीट नेमकं माझ्या हातात पडलं. गावाचं टपाल वाटण्यात जन्म गेलेल्या बाईचा पत्ता चुकेल कसा?

चित्रात घर आहे, कोंबड्या आहेत, तुम्ही आहात आणि तुमच्याहून मोठी तुमची पिशवी आहे. मी वरच्या कोपऱ्यात ढगापाशी उभी आहे. सायकल कुठेच नाही. ती काढायची नाही असं तुम्ही तिला सांगितलंत, की पोर स्वतःच शहाणी झाली?

हे पत्रही तुमच्याच पिशवीतून तुम्हाला मिळेल. शेजारच्या ओनिस्कोकाकांना मी फोनवर विचारलं, माझी पत्रं चुलीत जातात का? म्हणाले, 'वाचते की नाही ते देव जाणे, पण जाळत नाही. तिच्या हातून कागद जळायचा नाही, सवयच नाही तिला.' तेवढ्या भरवशावर लिहिते आहे.

नाताळात मी आले तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, 'एक तर सायकल घे, नाही तर लेकरू घे. दोन्ही तुझ्या हातात मी देणार नाही.' गल्ली ऐकत होती. मी काही बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडू फुटलं असतं, आणि तुमच्यासमोर रडायचं नाही असं मी विमानातच ठरवलं होतं. उत्तर आता देते. मी सायकल सोडणार नाही. दारिन्कालाही सोडणार नाही. या शरदात ती पहिलीत जाईल ती माझं बोट धरून जाईल, इथल्या शाळेत. मी तिला एका हिवाळ्यापुरती तुमच्याकडे ठेवली होती, दत्तक दिली नव्हती.

सेवेरिन तुमचा मुलगा होता, तसा माझा नवराही होता. सायकलवर असताना त्याला ट्रकनं उडवलं. ट्रकचा आवाज आला की माझीही मान आखडते. तरी मी रोज सकाळी रस्त्यावर जाते. त्याला विसरले म्हणून जाते असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखलंच नाही.

दारिन्काच्या टोपीला बंद लावा. ती टोपी उडवून घरी येते.

युस्तिना

बासानो, ३ एप्रिल

आई,

अक्षर वाकडं आलंय, पेन वाईट आहे.

ओनिस्कोकाकांना फोन केला की गावातल्या बातम्यांबरोबर तुमचं बोलणंही कळतं. दूध-केंद्रावर चारचौघींत तुम्ही म्हणालात म्हणे, 'माझी सून दुसऱ्या बाईचं पाणी भरायला परदेशात गेलीय. आमची विहीर काय आटली होती?' सगळ्या हसल्या. खरं सांगते, मलाही हसू आलं. बोलण्यात तुमचा हात कोण धरणार? पण पाणी भरणं म्हणजे काय ते एकदा ऐकून घ्या, मग खुशाल हसा.

आमच्या संघात जिंकायचं काम दाइव्हाचं. ती लिथुआनियाची आहे, लांब पायांची, कमी बोलणारी. बाकी आम्ही तिच्यासाठी. तिला तहान लागली की मी मागे राहून आमच्या गाडीपर्यंत जाते, बाटल्या घेते, पाठीत कोंबते, छातीशी कोंबते, भरल्या दिवसांच्या बाईसारखी फुगते, आणि तशीच सगळ्यांना गाठून तिच्यापर्यंत पोचते. वारा समोरून आला की तिच्यापुढे मी. वारा मी खाते, ती माझ्या आड दम राखते. तिचं चाक फुटलं तर माझं काढून देते आणि कडेला उभी राहून गाडीची वाट बघते. शेवटी ती जिंकते आणि जेवायला आम्ही सगळ्या बसतो. तुमचा सेवेरिन हेच करायचा. तेव्हा तुम्ही दूध-केंद्रावर 'माझा मुलगा संघाचा कणा आहे' असं सांगायचात. मुलगा कणा आणि सून पाणक्या, हे कसं काय?

राग आला असेल तर लिहून कळवा. पाकीट रिकामं असेल तर त्यात भरपूर जागा असते.

युस्तिना

बासानो, १४ मे

आई,

मागच्या वेळी पेन चांगलं होतं. माझं खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ओल्या वळणावर पुढची पोलिश मुलगी घसरली आणि तिच्यावर मी. पत्र डाव्या हातानं लिहिलं होतं.

लपवलं, कारण तुम्ही म्हणाला असता, बघ, मी काय सांगत होते. आता सांगते, कारण दारिन्काला खोकला झालेला तुम्ही कळवत नाही म्हणून मी इथे जळफळते आणि स्वतः हाडं लपवते. हा काही न्याय झाला नाही. आता हाड जुळलंय. थंडीत ठणकेल असं म्हणतात.

आमचे मालक रेन्झो इस्पितळात द्राक्षं घेऊन आले. म्हणाले, 'युस्तिना, घरी जा, मुलीला भेट, पुढच्या वर्षीचं बघू.' त्यांच्या 'बघू'चा अर्थ या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांचं ज्यांचं त्यांनी बघितलं त्यांच्या खोल्यांत आता दुसऱ्या मुली राहतात. मी घरी गेले नाही. हात गळ्यात बांधून तळघरात गेले. तिथे जमिनीला खिळवलेली एक सायकल आहे, तिच्यावर बसून पाय मारत राहिले. घाम डोळ्यांत जायचा आणि तो पुसायला मोकळा हात नसायचा. एके दिवशी रेन्झो खाली आले, दारातून बघून वर गेले. त्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर माझी ताटली परत मांडलेली होती.

म्हणजे माझी जागा टिकली. आता दारिन्काचं. गल्लीच्या टोकाला शाळा आहे, बाईंशी बोलून आले. खालच्या मजल्यावर पाओला नावाच्या आजी राहतात, मी शर्यतीला गेले की त्या तिला सांभाळतील. त्यांना युक्रेनी येत नाही, पण त्या एवढं बोलतात की मूल आपोआप शिकेल. माझ्या खोलीत दुसरी खाट टाकून झाली. उरल्या फक्त तुम्ही. सगळ्यांना पटवता येतं, तुम्हाला कसं पटवायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

युस्तिना

बासानो, ७ जून

आई,

हे पत्र बाकी सगळ्या पत्रांआधी उघडा.

या महिन्यात आमची चार दिवसांची शर्यत आपल्या पोदिल्यात आहे. तिसऱ्या दिवसाचा रस्ता वेर्बिव्कातून जातो. चर्चवरून उतरून, दूध-केंद्रासमोरून, तुमच्या फाटकाला लागून. रेन्झोंनी नकाशा टेबलावर पसरला आणि मला आपल्या गावाचं नाव दिसलं तेव्हा मी जेवण टाकून उठले. दाइव्हाला वाटलं मला उलटी होतेय.

रविवारी, २५ तारखेला, सकाळी अकराच्या सुमाराला फाटकापाशी उभ्या राहा, दोघी. दारिन्कानं आईला सायकलवर बघू नये असं वाटत असेल तर तिचे डोळे झाका, पण मला तिला बघू द्या. तिथे मला काय करता येईल ते माझ्या हातात नाही, म्हणून आज काही कबूल करत नाही. नुसतं उभ्या राहा.

युस्तिना

खमेल्नित्स्की, २५ जून

आई,

आज तुम्ही माझ्याशी बोललात. नाताळानंतर पहिल्यांदा. काय बोललात ते तुम्हाला आठवतंय का कोण जाणे, म्हणून लिहून ठेवते.

चर्चच्या वळणावरून मला आधी दिसले ओनिस्कोकाका. ट्रॅक्टरच्या टपावर उभे राहून टोपी हलवत ओरडत होते, 'एकटीच आहे रे, आपली युस्त्या सगळ्यांच्या पुढे आहे!' मग अख्खी गल्ली दिसली. मग फाटक, आणि फाटकाशी तुम्ही. तुम्ही तिचे डोळे झाकले नव्हते. उलट पोरीला नीट दिसावं म्हणून तिला टपालाच्या पेटाऱ्यावर उभं केलं होतंत. तो भरतकामाचा सदरा तुम्ही शिवलात ना? हिवाळ्यात तर नव्हता.

मी उतरले, सायकल कुंपणाला टेकवली आणि तिला उचललं. केवढी जड झालीय. तोंडाला चेरीचा रस लागलेला. मला म्हणाली, 'आई, तू ओली आहेस.' मी तिच्या मानेत तोंड घातलं आणि तेवढ्यात तुम्ही ओरडलात.

'अगं, उतरलीस कशाला?'

'आई, जरा थांबू द्या.'

'कसलं थांबू द्या? मागून येताहेत त्या. पोर काय पळून जातेय? चढ आधी.'

'आई, ऐका तर...'

'नंतर ऐकते. चढ म्हणते ना!'

आणि माझ्या हातातून दारिन्काला ओढून घेतलंत. गल्लीच्या टोकाला बाकीच्या दिसायला लागल्या तशा एका हातात पोर धरून दुसऱ्या हातानं तुम्ही माझी सीट पकडलीत आणि मला ढकललंत. काय ढकललंत, आई. मी खड्ड्यात जाता जाता वाचले. मागे तुमच्या शिव्या ऐकू येत होत्या. दाइव्हानं विचारलं, ती आजी आपल्याला काय म्हणत होती? मी म्हटलं, प्रवास सुखाचा होवो म्हणत होती.

आज मी कितवी आले ते विचारू नका. दाइव्हा दुसरी आली. मला झोप येतेय आणि माझ्या हाताला अजून चेरीचा वास आहे.

तुमची युस्तिना

बासानो, १६ जुलै

आई,

काल ओनिस्कोकाकांचा फोन आला. फोनवर ते नेहमी बिघडलेल्या ट्रॅक्टरवर ओरडावं तसे ओरडतात, त्यामुळे पाओला आजींनीही सगळं ऐकलं. म्हणाले, 'अगं, गावात दुसरं बोलणंच नाही. सून जिंकत होती, पण लेकीला बघून उतरली, बक्षिसावर पाणी सोडलं. पाद्रीबाबांनी रविवारी तुझी गोष्ट सांगितली चर्चमध्ये. आणि तुझ्या सासूनं, तेक्लानं, माळ्यावरून पेटी उतरवलीय. पोरीचे कपडे धुतेय, इस्त्री करतेय. मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाली, तुझं काय काम आहे?'

फोन ठेवून मी नाचले. पाओला आजी माझ्याबरोबर नाचल्या, कारण विचारलंसुद्धा नाही. मग जिन्यावर बसले आणि मला कळलं की हे असं चालणार नाही.

आई, मी जिंकत नव्हते. मी पुढे गेले नव्हते, मला पुढे सोडलं होतं.

आमच्यात एक रीत आहे. शर्यतीचा रस्ता एखादीच्या घरावरून जात असेल, आणि शर्यत अजून तापलेली नसेल, तर ती बाकीच्यांना विचारते. मान्य झालं की सगळ्या हळू होतात, ती एकटी पुढे जाते, घरच्यांना भेटते, मुके घेते, हातावर काही ठेवलं तर खाते, आणि मागून सगळ्या आल्या की त्यांच्यात मिसळते. तेवढ्या वेळात कुणी जिंकायला म्हणून पळ काढायचा नाही. जी पुढे गेली तिनं तर मुळीच नाही. पळाली तर पुन्हा कुणी तिच्याशी बोलणार नाही, घोटभर पाणी देणार नाही. त्या दिवशी सकाळी मी विचारलं आणि सगळ्यांनी होकार दिला. त्या पोलिश मुलीनं तर मला पाठीवर थाप मारून पाठवलं. तुम्ही जिला 'गाढवीण' म्हणालात ती तीच.

म्हणजे मी थांबणारच होते. थांबण्यासाठीच आले होते. मी कशावरही पाणी सोडलेलं नाही.

हे तिथेच सांगायला हवं होतं, पण तुम्ही बोलू दिलं नाहीत. त्याच संध्याकाळी पत्रात लिहिता आलं असतं. तेव्हा मात्र मीच लिहिलं नाही. तुम्ही मला हात लावला होता आणि मला ते मोडायचं नव्हतं. दाइव्हा म्हणते, अजूनही गप्प बस, मूल येऊ दे, कुणाचं काय बिघडतंय? रेन्झो म्हणतात, अशी गोष्ट फुकट मिळत नाही, वर्तमानपत्रात देऊ. मी दोघांनाही नाही म्हटलं.

तुम्ही पेटी उतरवली ती एका अशा सुनेसाठी, जी लेकरासाठी शर्यत सोडते. ती सून मी नाही. उद्या दारिन्काला ताप असेल आणि माझी शर्यत असेल, तर मी कदाचित जाईन, तिच्या कपाळावर पट्टी ठेवायला पाओला आजी असतील, आणि सगळा रस्ता माझा जीव टांगलेला असेल. तसं घडलं की तुम्ही म्हणाल, तेव्हा थांबली होती, आता का नाही? मला ते ऐकायचं नाही. माझं मूल मला, मी आहे तशी राहून, हवं. नसेल द्यायचं तर पेटी परत माळ्यावर चढवा. मी ऑगस्टात येईन, भांडेन, सप्टेंबरात येईन, परत भांडेन. तुम्ही दमाल, मी दमणार नाही. लांबचं अंतर हेच माझं काम आहे.

गावाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पाद्रीबाबांना मी लिहिणार नाही, एवढी धीट नाही मी.

युस्तिना

वेर्बिव्का, २ ऑगस्ट

युस्तिना,

तुझं पत्र मिळालं. पत्र लिहायची मला सवय नाही, मी लोकांची पोचवते, म्हणून थोडक्यात लिहिते.

ओनिस्कोला वाचून दाखवलं. तो म्हणतो तू खोटं बोलतेस, तू पुढेच होतीस, त्यानं ट्रॅक्टरवरून पाहिलं. मी त्याच्याशी वाद घातला नाही, मला टोमॅटो बरण्यांत भरायचे होते. पाद्रीबाबांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या रविवारी दुसरी गोष्ट सांगतो. त्या पोलिश पोरीला सांग, मी म्हणाले ते मागे घेते. बाकीच्यांचं घेत नाही, एकीनं माझ्या झेंडूवरून सायकल नेली.

आता तुझं. तुला वाटतं तू थांबलीस म्हणून मी पेटी उतरवली. बाई, तू थांबलीस त्याचाच तर मला राग आला होता. अजूनही थोडा आहे.

तू गेल्यावर मी फाटकात उभी राहिले. दारिन्का विचारत होती, आजी, तू आईला का ढकललंस? ही सायकल सुटावी म्हणून मी प्रत्येक रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावत होते. सेवेरिनसाठी एक आणि त्याच्या शेजारी ही. देवानं ऐकलं म्हणायचं, तू माझ्यासमोर येऊन उतरलीस. आणि माझ्या तोंडून काय निघालं? चढ. हातानं काय केलं? ढकललं. त्या घाईत मला ट्रक आठवला नाही, काही आठवलं नाही. एवढंच दिसत होतं की मागून येताहेत आणि आमची उभी राहिलीय. रात्रभर मी स्वतःला विचारत होते, तेक्ला, तुला नक्की हवं तरी काय होतं? सकाळी उठून पेटी उतरवली. कोण पुढे होतं आणि कुणी सोडलं होतं, याचा त्याच्याशी काही संबंध नाही. जी बाई तुला हातानं ढकलते, तिनं तुला सायकल सोड म्हणू नये. एवढी लाज मला आहे.

भीती गेलेली नाही. ती जाणार नाही, तिचा हिशेब तू करू नकोस, मी बघते. हाड मोडलं की मात्र त्याच दिवशी कळवायचं. डाव्या हातानं लिहिलेलं मला पाकिटावरूनच कळलं होतं, मी रोज लोकांची अक्षरं बघते.

मी विमानात बसणार नाही. तू ये आणि पोरीला ने. दूध उकळून थंड करून देत जा, साय काढून. अंधाराला घाबरते, पण सांगत नाही. तुझ्यावर गेलीय.

आणि ती शर्यत परत या गावातून गेली तर फाटकापाशी उतरू नकोस. मी तिथे नसेन. जिथे संपते तिथे उभी राहीन, ओनिस्को नेतो म्हणालाय ट्रॅक्टरवरून. तिथे मात्र कुणी सोडलं म्हणून नको, आपल्या पायांनी पुढे ये.

तेक्ला